मॉरिशसमध्ये कंपनी काढावी का? कुपवाडच्या एका गिरणी-कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत भात भरडण्याच्या आणि मका दळण्याच्या गिरण्या बनवणारा हा घरगुती कारखाना. ओळख पटू नये म्हणून गाव, उलाढाल आणि काही तपशील थोडे बदलले आहेत, पण निर्णयांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. मी त्यांचा सनदी लेखापाल. त्यामुळे या प्रकरणात जे चुकलं त्यातलं काही माझ्याही पदरात आहे, आणि तेही इथे लिहितो.

अप्पांनी दोन लेथवर सुरू केलेला हा उद्योग आता थोरले दादा, धाकटे भाऊ आणि भाऊंच्या पत्नी असे तिघे चालवतात. दादांकडे विक्री, भाऊंकडे उत्पादन, वहिनींकडे हिशेब आणि बँक. उलाढाल ४० कोटींच्या आसपास, त्यातला साधारण चौथा हिस्सा निर्यातीचा. माल चार देशांत जातो: केनिया, टांझानिया, मोझांबिक आणि मादागास्कर. केनियात गावोगावी मक्याचं पीठ दळणारी ‘पोशो मिल’ असते, तिथे यांचं यंत्र नावाजलेलं आहे. मादागास्कर हा तर भातावर जगणारा देश. तिथे यांची छोटी भातगिरणी खपते.

अडचण काय होती

नवी गिरणी विकणं ही अडचण नव्हतीच. गिरणी विकल्यावर दोन वर्षांनी काय होतं, तिथे सगळं अडत होतं.

भातगिरणीचे रबर रोल, जाळ्या आणि पाती झिजतात. मादागास्करमध्ये भाताचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून. आलाओत्रा सरोवराच्या भोवतालचा मुलूख म्हणजे त्या देशाचं भाताचं कोठार. तिथल्या गिरणीवाल्याचा रोल मे महिन्यात गेला, की त्याला तो मे महिन्यातच हवा असतो. कुपवाडहून न्हावा शेवा, तिथून वाटेतल्या एखाद्या बंदरात जहाज बदलून मादागास्करचं तोआमासिना बंदर, मग जकात, मग डीलर, या रस्त्याने सुट्या भागांची पेटी पोचायला नऊ-दहा आठवडे लागत. विमानाने पाठवावं तर भागाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त. एका हंगामात डीलरने सांगून टाकलं, की तुमची गिरणी चांगली आहे पण मी पुढच्या वर्षी चिनी यंत्र ठेवणार, कारण त्याचे रोल इथे दुकानात मिळतात.

दुसरी अडचण पैशांची. डीलर उधारी मागत. निर्यातीचे पैसे ९ महिन्यांत देशात यायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा त्या वेळचा नियम होता. केनियातल्या दोन डीलरांची बिलं ती मुदत ओलांडून गेली होती आणि बँकेच्या निर्यात-नोंदीत लाल खूण होऊन पडली होती.

दादांचा पहिला आराखडा

२०२२ मध्ये दादा पुण्यात एका कार्यक्रमाला गेले आणि मॉरिशसचं माहितीपत्रक घेऊन परतले. आमच्या पहिल्या बैठकीत ते त्यांनी टेबलावर ठेवलं. त्यातल्या चार ओळींखाली लाल रेघ मारलेली होती. कंपनीकर १५ टक्के, पण माल निर्यातीच्या नफ्यावर ३ टक्के, आणि माल बेटावर न उतरता एका देशातून थेट दुसऱ्या देशात गेला तरी तोच दर. परकीय चलनावर १९९४ पासून निर्बंध नाहीत. आफ्रिकेतल्या २१ देशांच्या ‘कोमेसा’ गटाचं आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या १६ देशांच्या ‘सादक’ गटाचं सदस्यत्व. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही चालतात, आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायपीठापर्यंत जातं.

“कुपवाडने माल मॉरिशसच्या आपल्याच कंपनीला थोड्या नफ्यावर विकायचा,” दादा म्हणाले, “तिने तो आफ्रिकेत पूर्ण भावाने विकायचा. नफा तिथे, कर ३ टक्के, आणि २१ देशांत जकात शून्य. यात चुकतंय कुठे, सांगा.”

माहितीपत्रकातली एकही ओळ खोटी नव्हती. म्हणूनच ते धोक्याचं होतं.

या बेटाचा नावलौकिक कसा घडला हे आधी समजून घ्यायला हवं. १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेला हा जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा देश उसावर जगत होता. त्यानंतर निर्यातीचं कापड आलं, मग पर्यटन, आणि १९९२ मध्ये परदेशी कंपन्यांसाठी वेगळा कायदा. फ्रीपोर्टचा, म्हणजे जकातमुक्त बंदर-क्षेत्राचा, कायदाही त्याच वर्षीचा. भारताशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १९८२ चा. त्या करारामुळे भारतीय शेअरच्या विक्रीवरचा नफा भारतात करमुक्त राहत असे, आणि म्हणून वर्षानुवर्षं भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत मॉरिशस अगदी वर असे. २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरची ती सवलत संपली. पण सवलत असतानाही ती वाट भारतात येणाऱ्या पैशाची होती. आमचा माल भारतातून बाहेर जाणार होता. ज्या गोष्टीसाठी बेट प्रसिद्ध झालं, तिचा आमच्याशी संबंधच नव्हता. हे लक्षात यायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

पहिला निर्णय: शून्य जकातीचं काय?

वहिनींनी चार देशांची नावं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे गट लिहिला. केनिया कोमेसात आहे, सादकमध्ये नाही. टांझानिया २००० मध्ये कोमेसातून बाहेर पडला, मोझांबिक त्याच्याही आधी, १९९७ मध्ये. हे दोघे सादकमध्ये. दोन्ही गटांत असलेला एकटा मादागास्कर. म्हणजे ‘२१ देश’ या आकड्यातले आमच्या कामाचे दोनच.

खरी अडचण याहून खोल होती. गटातली जकात-सवलत विकणारी कंपनी कुठली यावर मिळत नाही, माल कुठे बनला यावर मिळते. कोमेसात माल सदस्य देशातला ठरायला तिथे निदान ३५ टक्के मूल्य वाढावं लागतं, किंवा बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची किंमत वापरलेल्या एकूण कच्च्या मालाच्या किमतीच्या ६० टक्क्यांच्या आत राहावी लागते, किंवा मालाचं जकातीतलं शीर्षक, म्हणजे वर्गवारीचा क्रमांक, बदलावं लागतं. कुपवाडला ओतलेली, कुपवाडला रंगवलेली गिरणी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराच्या धक्क्यावर महिनाभर ठेवली म्हणून मॉरिशसची होत नाही.

“मग सुटे भाग नेऊ आणि तिथे जोडू,” भाऊ म्हणाले. विचार चांगला होता, म्हणून आम्ही तो शेवटपर्यंत तपासला. गिरणी आणि गिरणीचे भाग हे दोन्ही ८४३७ या एकाच शीर्षकाखाली येतात, त्यामुळे नुसत्या जोडणीने शीर्षक बदलत नाही. ३५ टक्के मूल्य वाढवायचं तर मॉरिशसच्या मजुरीवर, जी आपल्यापेक्षा बरीच महाग, खरोखरचा कारखाना उभा करावा लागला असता. तो विचार तिथेच सोडला.

अंतराचाही हिशेब काढला. न्हावा शेवाहून केनियाचं मोंबासा बंदर आणि पोर्ट लुई जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. केनियाचा माल पोर्ट लुईवरून नेणं म्हणजे कोल्हापूरला जायला निघून सोलापूरमार्गे जाणं. मादागास्करचं मात्र उलट आहे. तोआमासिना हे त्या देशाचं मुख्य बंदर पूर्व किनाऱ्यावर, थेट मॉरिशसच्या समोर.

दुसरा निर्णय: ३ टक्क्यांचं काय?

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे चूक झाली असती तर पाच-सहा वर्षांनी नोटीस येऊन ती निस्तरावी लागली असती.

परदेशात नोंदलेली कंपनी प्रत्यक्षात भारतातून चालवली जात असेल, तर आयकर कायदा तिला भारताची रहिवासी धरतो. आम्ही याला ‘पोएम’ म्हणतो. म्हणजे व्यवस्थापनाचं खरं ठिकाण. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल ५० कोटींपर्यंत आहे तिला ही तरतूद लागू करायची नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं फेब्रुवारी २०१७ चं परिपत्रक आहे. हे सांगितल्यावर दादांचा चेहरा खुलला.

पण ट्रान्स्फर प्रायसिंगला, म्हणजे आपल्याच कंपन्यांमधल्या व्यवहारांच्या भावाच्या नियमांना, अशी सूट नाही. कुपवाडने स्वतःच्याच कंपनीला विकलेल्या प्रत्येक गिरणीचा भाव, तिऱ्हाइताला विकला असता तर जो असता तोच हवा. गिरणीचं डिझाइन कुपवाडचं, नाव कुपवाडचं, ग्राहक शोधले दादांनी, बिघाड झाला तर फोनवर समजावतात भाऊ. मग नफ्याचा मोठा वाटा मॉरिशसला का? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसेल तर कागद कितीही नीट असले तरी उपयोग नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

शिवाय पैसा कधीतरी घरी आणावाच लागणार. परदेशी उपकंपनीच्या लाभांशावर पूर्वी १५ टक्क्यांचा सवलतीचा दर होता. तो नेमका २०२२ च्याच अर्थसंकल्पात गेला. आता तो लाभांश नेहमीच्या दराने, म्हणजे या कंपनीच्या बाबतीत २५.१७ टक्क्यांनी करपात्र. वहिनींनी कागदावर वजाबाकी केली आणि त्यात मॉरिशसचा वार्षिक खर्च मिळवला: दोन स्थानिक संचालकांचं मानधन, व्यवस्थापन कंपनीची फी, तिथलं लेखापरीक्षण, परवाना. पहिल्या तीन वर्षांत बचत उणे येत होती.

अप्पा त्या दिवशी बैठकीला येऊन बसले होते. ते एवढंच म्हणाले, “कर वाचवायला नको जाऊया. रोल पोचवायला जायचं असेल तर सांगा.”

त्या वाक्याने आराखडा पालटला.

समोरचे पर्याय

आता प्रश्न बदलला होता. मादागास्करच्या गिरणीवाल्याला तीन आठवड्यांत रोल कसा मिळेल?

पहिला पर्याय, आहे तसंच चालू ठेवायचं आणि तोआमासिनाच्या डीलरलाच जास्त साठा घ्यायला लावायचा. त्याच्याकडे तेवढं भांडवल नव्हतं, आणि उधारीवर साठा दिला तर नऊ महिन्यांचं घड्याळ पुन्हा सुरू.

दुसरा, दुबई. सांगली-कोल्हापूरकडच्या व्यापाऱ्यांना ती जवळची वाटते, आणि पूर्व आफ्रिकेसाठी ती चांगलीच आहे. पण मादागास्करचा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, आणि दुबईच्या जेबेल अली बंदराहून तोआमासिनाला जायचं तर जहाज बहुतेक वेळा वाटेत बदलावं लागतं.

तिसरा, मादागास्करमध्येच कंपनी. अंतर शून्य. पण तिथलं चलन, बँकिंग आणि राजकीय अस्थिरता पाहता साठा आणि पैसा दोन्ही तिथे अडकवायची कोणाची तयारी नव्हती.

चौथा, मॉरिशसमध्ये छोटी कंपनी आणि फ्रीपोर्टमध्ये फक्त सुट्या भागांचं गोदाम. फ्रीपोर्टमध्ये ठेवलेल्या मालावर जकात लागत नाही. तिथून लहान पेट्या लहान जहाजांनी तोआमासिनाला जातात.

पाचवा पर्याय होता आणि मी तो वेळेवर मांडला नाही. त्याबद्दल शेवटी.

काय केलं

चौथा पर्याय निवडला. नव्या गिरण्या चारही देशांत पूर्वीसारख्याच कुपवाडहून थेट जाणार. मॉरिशसची कंपनी फक्त मादागास्करचे सुटे भाग विकत घेणार, साठवणार, विकणार. तिचं काम साठवणीचं आणि पोचवण्याचं, म्हणून तिचा नफाही त्या कामाला शोभेल एवढाच. हा भाव पहिलं बिल फाटण्याआधी लेखी ठरवला, आणि ज्या गोष्टी आम्ही नीट केल्या त्यातली ही पहिली.

परवाना ‘ग्लोबल बिझनेस’चा घेतला. २०१९ पासून नव्या अर्जदारांसाठी जुने दोन वर्ग जाऊन तो एकच उरला आहे. त्याच्या अटी सौम्य नाहीत. निदान दोन रहिवासी संचालक हवेत, तेही नुसते सहीपुरते नव्हे, विचार करून निर्णय घेऊ शकणारे. मुख्य बँक खातं तिथे, हिशेबाची दप्तरं तिथे, लेखापरीक्षण तिथे, आणि उत्पन्न मिळवून देणारं खरं कामही तिथेच.

मग माणूस. दोन जण समोर आले. एक मराठी कुटुंबातले गृहस्थ. पूर्वज गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या कराराने, मुंबईहून जहाजात चढलेले, घरात गणपती बसतो, शाळेत मराठी शिकलेले. बोलता बोलता ते म्हणाले, “आमचं गाव रत्नागिरीकडचं म्हणतात, पण कुठलं ते सांगणारं आता कोणी राहिलं नाही.” दादांना ते ऐकून भरून आलं. मलाही. दुसरी एक तिथल्या क्रेओल समाजातली बाई, बारा वर्षं मालवाहतुकीत, तोआमासिनाच्या जकात-दलालांना नावाने ओळखणारी. दादांचा कौल पहिल्याकडे होता. वहिनींनी विचारलं, “भाऊजी, पेटी अडकली तर फोन कोण करणार?” नेमणूक त्या बाईंची झाली. मला आजही वाटतं की या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तो होता. ते गृहस्थ दरवर्षी गणेश चतुर्थीला, जी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, दादांना फोन करतात. तो ऋणानुबंध वेगळा, तो धंद्यात ओढला नाही हे बरं झालं.

काय बिघडलं

बँक खातं उघडायला पाच महिने गेले. मॉरिशस फेब्रुवारी २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळात काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या ‘एफएटीएफ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत होता, आणि युरोपीय संघाच्या यादीतून २०२२ मध्ये सुटला. त्यातून नुकत्याच सावरलेल्या बँका प्रत्येक कागद दोनदा मागत होत्या. अप्पांच्या १९९० च्या सुमाराच्या भागीदारी करारापर्यंत मागणी गेली. गोदामाचं भाडं मात्र पहिल्या महिन्यापासून चालू होतं. खातं आधी, गोदाम नंतर, हा क्रम आम्ही उलटा केला.

नोंदणीचा पहिला खर्च दादांनी घाईत स्वतःच्या कार्डावरून भरला. परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पैसा कंपनीतून, बँकेमार्फत, ठरलेला फॉर्म भरून जायला हवा होता. हा खर्च कोणत्या सदरात घालायचा यावर बँकेशी दोन महिने पत्रव्यवहार चालला. मी हे आधी बजावून सांगायला हवं होतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट घडली पहिल्या वर्षाच्या शेवटी. जाळ्यांचा भाव वाढवायचा होता. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादांनी नवा भाव टाकला, भाऊंनी अंगठा दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी तो पोर्ट लुईला लागूही झाला. तिमाही बैठकीत एका रहिवासी संचालकांनी इतिवृत्तावर सही करायला नकार दिला. हा निर्णय या मंडळापुढे आलाच नाही, मग मंडळाने घेतला असं मी कसं लिहू, असा त्यांचा प्रश्न होता. दादांना तो अपमान वाटला. “कंपनी आमची, भाव आमचा,” ते मला म्हणाले. त्यांची समजूत घालायला मी सांगलीला गेलो. त्या संचालकांनी सही केली असती तर ती कंपनी कुपवाडहून चालते याचा पुरावा आपल्याच हाताने तयार झाला असता, हे पटायला एक संध्याकाळ गेली. त्यानंतर भाव, साठा आणि उधारीची मर्यादा हे तीन विषय आधी कार्यसूचीवर येतात. वेळेचा फरक दीडच तासाचा, त्यामुळे बैठक जमवणं कठीण नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाणी भरलं. गोदाम वाचलं, पण दहा दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून हंगामाचा साठा डिसेंबरच्या आत तोआमासिनाला हलवतात. नोव्हेंबरनंतर वादळांचे दिवस, आणि एप्रिलला भात दारात.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात रोल आणि जाळ्या मागणीपासून अडीच ते तीन आठवड्यांत पोचू लागल्या. डीलरने चिनी यंत्राचा विचार सोडला, आणि नव्या गिरण्यांची मागणी, जी कुपवाडहूनच जाते, वाढली. फायदा झाला तो असा, कुपवाडच्या ताळेबंदात. मॉरिशसच्या कंपनीने दुसऱ्या वर्षी आपला खर्च जेमतेम भागवला. कर वाचला नाही. केनियाच्या थकबाकीवर या सगळ्याचा काहीच परिणाम झाला नाही. ती दादांनी नैरोबीला दोन खेपा करून वसूल केली.

मार्च २०२४ मध्ये भारत आणि मॉरिशस यांनी १९८२ च्या त्या करकरारात आणखी एक दुरुस्ती मान्य केली. व्यवहाराचा एक मुख्य हेतू करसवलत मिळवणं हा असेल तर सवलत नाकारता यावी, असा तिचा गाभा. बातमी वाचून दादांचा सकाळीच फोन आला. आमच्या रचनेत सवलतीवर उभं असं काहीच नव्हतं, त्यामुळे फोन दोन मिनिटांत संपला.

आज करायचं झालं तर

आता तो पाचवा पर्याय. भारतीय निर्यातदाराला स्वतःची परदेशी कंपनी न काढताही परदेशात गोदाम भाड्याने घेता येतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अधिकृत बँक तशी परवानगी एका वर्षासाठी देते आणि पुढे नूतनीकरण करते. अटी दोन महत्त्वाच्या: आदल्या वर्षीची निर्यात निदान १ लाख डॉलर, आणि थकलेली निर्यात-बिलं आदल्या वर्षाच्या निर्यातीच्या ५ टक्क्यांच्या आत. पहिली अट आम्ही सहज पुरी करत होतो. दुसरी केनियाच्या दोन डीलरांमुळे हुकत होती. दादांनी ती वसुली नंतर केलीच. ती एक हंगाम आधी केली असती तर संचालक, परवाना, लेखापरीक्षण यांतलं काहीही न करता पोर्ट लुईत वर्षभर गोदाम चालवून पाहता आलं असतं. चाललं असतं तर मग कंपनी. हा मार्ग मला ठाऊक होता. पण टेबलावर माहितीपत्रक होतं, चर्चा कंपनीची चालली होती, आणि मी त्या चर्चेच्याच मागे गेलो. वहिनींनी नंतर विचारलं, “हे तेव्हा का नाही सांगितलंत?” मी त्यांना खरं तेच सांगितलं, की मला सुचलं नाही.

सध्या दादांच्या डोक्यात कोमोरो बेटं आहेत. तिथल्या एका व्यापाऱ्याने नारळ खवण्याच्या यंत्राची चौकशी केली आहे. या वेळी त्यांनी मला फोन करण्याआधी पोर्ट लुईच्या त्या बाईंना केला, आणि तिकडे पेटी कशी जाते, किती दिवसांनी जहाज असतं, हे विचारलं. पुढच्या तिमाही बैठकीच्या कार्यसूचीवर तो विषय सहावा आहे.